शिंकान्सेनचे फोटो: कुठे उभं राहायचं आणि कधी

जपानमध्ये शिंकान्सेनचे, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनचे फोटो काढायला जाणार असाल तर हॉटेल, लेन्स वगैरे नंतर बघा, आधी मार्ग ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला फक्त टोकाइदो, म्हणजे टोकियो ते शिन-ओसाका. १९६४ साली सुरू झालेला हा सगळ्यात जुना मार्ग बराचसा मातीच्या भरावावरून आणि उघड्या शेतांतून जातो. कडेचे कठडे पुष्कळ ठिकाणी बुटके आहेत, त्यामुळे खिडक्यांखालची निळी पट्टीसुद्धा फोटोत येते. ओसाकाच्या पुढचा सान्यो मार्ग जवळपास निम्मा बोगद्यांत आहे. उत्तरेकडच्या तोहोकू मार्गावर उंच पूल आणि आवाज अडवणाऱ्या भिंती, त्यामुळे खालून बघितलं तर गाडीचं नुसतं छप्पर सरकताना दिसतं. आपली मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही बहुतेक उंच पुलांवरूनच धावणार आहे. पुढेमागे तिचे फोटो काढायचे असतील तर तोहोकूवर लोक कुठून आणि किती उंचीवरून काढतात ते जरूर बघून ठेवा.

टोकाइदोचा दुसरा मोठा फायदा म्हणजे गाड्या. गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला १२ पर्यंत नोझोमी, म्हणजे सगळ्यात कमी थांबे घेणाऱ्या जलद गाड्या सुटतात, शिवाय थोडे जास्त थांबे घेणाऱ्या हिकारी आणि प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या कोदामा वेगळ्या. खंडाळ्याच्या घाटात किंवा रत्नागिरीजवळ पानवलच्या पुलापाशी एका गाडीसाठी अर्धा दिवस घालवणाऱ्याला ही चैनच वाटते. गाडी हुकायची धास्ती नसल्यामुळे सगळं लक्ष उजेडाकडे आणि मागच्या देखाव्याकडे देता येतं. फोटो तिथेच घडतो.

आता फुजी पर्वत. गाडीतून फुजी बघायचा तर टोकियोहून जाताना उजवीकडची 'ई' सीट घ्या, साधारण पाऊण तासाने दिसतो. गाडी आणि फुजी एका चौकटीत हवे असतील तर मात्र फुजिकावा नदीचा पूल गाठा. शिन-फुजी स्टेशनच्या पश्चिमेला असलेला हा पूल १,३७३ मीटर लांब आहे. आम्ही शिझुओकात मुक्काम केला आणि साध्या टोकाइदो लाइनच्या लोकलने अर्ध्या तासात फुजिकावा स्टेशनला उतरलो. तिथून नदीच्या कडेने खालच्या अंगाला वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. पश्चिमेच्याच काठावर, पुलाच्या पलीकडे थोडं समुद्राच्या बाजूला उभं राहिलं की पूल उजवीकडे लांबवर जातो आणि त्याच्या वर फुजी. सूर्य दक्षिणेला, म्हणजे आपल्या पाठीशी किंवा बाजूला राहतो.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मी सुचवेन. हवा कोरडी असते, डोंगरावर बर्फ असतं, सकाळी आकाश स्वच्छ मिळतं. दुपारकडे ढग चढायला लागतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या लोकलनेच निघा. उन्हाळ्यात फुजी दिवस दिवस तोंड दाखवत नाही.

या पुलावर एक अडचण आहे. लोखंडाच्या तिरप्या तुळयांमधून गाडी जाते, त्यामुळे पांढरं अंग जागोजागी चिरलेलं दिसतं. गाडीचं तोंड दोन तुळयांच्या मधल्या मोकळ्या तिकोनात यावं म्हणून सलग फोटोंचा वेग सगळ्यात जास्त ठेवा आणि नंतर त्यातला एक निवडा. गाडी पुलावर चढली की घणघणाट ऐकू येतो, तोपर्यंत बोट बटणावर हवं. सोळा डब्यांची गाडी चारशे मीटर लांब, म्हणजे ती संपूर्ण पुलावर असते तो वेळ जेमतेम बारा-तेरा सेकंदांचा. अख्खी गाडी आणि अख्खा डोंगर घ्यायचा असेल तर त्याच सेकंदांत.

वेगाचा हिशोब एकदा कागदावर मांडून ठेवा. टोकाइदोवर कमाल वेग ताशी २८५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७९ मीटर. एक हजारांश सेकंदाच्या शटरलाही गाडी आठ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. बाजूने जवळून घेताना १/२००० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. समोरून, लांबच्या लेन्सने घेताना एवढी घाई लागत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो टाळा, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने डबे तिरके झाल्यासारखे येतात. मोबाइलवरही हेच होतं, म्हणून मोबाइलवाल्यांनी व्हिडिओ घ्यावा किंवा गाडी हळू असेल अशी जागा शोधावी.

तशी जागा टोकियोतच आहे. युराकुचो स्टेशनला लागून कोत्सू काइकान नावाची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या गच्चीबागेतून टोकियो स्टेशनात शिरणाऱ्या गाड्या समोरच दिसतात. संध्याकाळी आजूबाजूचे दिवे लागले की जा. लहान मुलं बरोबर असतील तर हीच जागा.

वेग अंगावर घ्यायचा असेल तर टोकाइदोवरचं ओदावारा स्टेशन. मधल्या रुळांवरून नोझोमी न थांबता जातात आणि फलाट हादरल्यासारखा वाटतो. फक्त कडेला कोदामा उभी असेल तर ती आड येते, म्हणून वेळापत्रकात कोदामाच्या वेळा बघून मधला वेळ पकडा. नुसतं फलाटावर जायचं तर प्रवेशाचं तिकीट मिळतं, दीडशे येनच्या आसपास. त्याला वेळेची मर्यादा असू शकते, विकत घेतानाच बघा.

सान्योवर एकच जागा सांगतो, हिमेजी. स्टेशनच्या नैर्ऋत्येला तेगारायामा नावाच्या टेकडीवर बाग आहे. तिथून पुढे शिंकान्सेन आणि मागे पांढरा किल्ला असं दृश्य मिळतं. दुपारनंतर किल्ल्यावर ऊन पडतं तेव्हाच जा.

उत्तरेला गेलात तर तोहोकूवरचं मोरिओका स्टेशन चुकवू नका. टोकियोकडे जाताना हायाबुसा नावाची हिरवी गाडी आधी येऊन थांबते, मागून कोमाची नावाची लाल गाडी येते आणि दोन्ही जोडल्या जातात. डबा क्रमांक १० आणि ११ यांच्या सांध्यासमोर आधीच जाऊन उभे राहा. कोमाची अगदी पावलापावलाने सरकते, हिरवं आणि लाल नाक एकमेकांना भिडतं. इथे शटरची काही घाई नाही, उलट लहान मुलांना पुढे जागा द्यावी, ती मुद्दाम हे बघायला आलेली असतात.

फ्लॅश कुठेही वापरू नका, मोटरमनच्या डोळ्यांवर येतो. फलाटावर ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक नको, पिवळ्या पट्टीच्या आतच राहा. शेतांमधून काढताना बांधावर पाय ठेवू नका, रस्त्यावरूनच काढा. मार्गाजवळ ड्रोन तर अजिबात नको.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडल्याची बातमी आली तर नागोया आणि क्योतोच्या मधलं ओमी-नागाओका लक्षात ठेवा. मागे १,३७७ मीटरचा इबुकी डोंगर पांढराशुभ्र असतो. त्या पट्ट्यात बर्फामुळे गाड्यांचा वेग कमी करतात, रुळांवर पाण्याचे फवारे चालू असतात. गाड्या उशिरा धावतात, तेव्हा परतीची लोकल आणि त्या दिवशीचा पुढचा बेत सैल ठेवा, आणि बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात.