तुम्ही विचारलंत म्हणून: आठ आण्यांचा हिशेब

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांपासून शाळेतल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "कोड आता एआयच लिहितो म्हणे. मग तू दिवसभर करतेस काय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी एका गावातल्या दूध संस्थेसाठी बिलाचा प्रोग्राम केला. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ), त्यावरून दर आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल. मी एआयला सगळं सांगितलं आणि शेवटी लिहिलं, "रक्कम पूर्ण रुपयात कर." पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला नीटनेटका कोड दोन मिनिटांत हजर. त्याच्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या आणि त्या सगळ्या पास झाल्या. (आपलाच पेपर आपणच तपासल्यावर दुसरं काय होणार!)

पहिल्याच बिलानंतर सचिवांचा फोन आला. "मॅडम, मावशींचे आठ आणे गेले."

मावशींचं बिल १,४१२.५० होतं, हातात आले १,४१२. शेजारणीचं १,४१३.५०, तिला मिळाले १,४१४. मावशी दुधाचं कार्ड घेऊन संस्थेच्या पायरीवर बसलेल्या. रक्कम आठ आण्यांची, पण त्यांचा मुद्दा सरळ होता: तिचं वर आणि माझं खाली का?

पायथनमध्ये ही चूक नव्हेच. तिथली रक्कम पूर्ण आकड्यात आणणारी आज्ञा, म्हणजे राउंड, बरोबर अर्धा उरला की जवळच्या सम आकड्याकडे जाते. मोठ्या बेरजांमध्ये कल एकाच बाजूला साचत जाऊ नये, म्हणून ही रीत. मात्र संस्थेच्या जुन्या वहीत अर्धा रुपया कायम उत्पादकाच्या पदरात पडायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी गाळलेली जागा एआयने रुळलेल्या पद्धतीने भरून टाकली.

"हे ठरवलं कुणी?" सचिवांनी विचारलं. खरं उत्तर होतं, कुणीच नाही. तेवढं बोलायला जीभ रेटेना.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच म्हटलं होतं की प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे, तो करणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथींनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द काढला: एआयकडून लिहून घ्यायचं आणि कोड आहे हेच विसरून जायचं. तेही शनिवार-रविवारच्या हौशी प्रयोगांबद्दल बोलत होते. मी शनिवार-रविवारी काय वाटेल ते करते. मावशींच्या बिलावर नाही.

तर दिवसभर मी काय करते? सचिवांना फोन करते. पहाटेच्या संकलनाला जाऊन उभी राहते. वीज गेली तर फॅट कसा धरता, मापात दूध सांडलं तर कुणाच्या नावावर, असलं विचारत बसते. टायपिंग एआय करतो, आणि झकास करतो.

कोडमधल्या रक्कम पूर्ण करणाऱ्या ओळीवर आता टीप आहे: "अर्धा रुपया नेहमी उत्पादकाला. सचिवांना विचारून." परवा एआयने तोच भाग सोपा करून देऊ का म्हणून विचारलं. पाहिलं, तर पुन्हा राउंड. टीपही काढून टाकलेली.



नको म्हटलं.