घरी असलेला बाप आणि आईचे दुपारचे फोन

पोरगी आता दोन वर्षांची होत आली, मी नोकरी सोडून घरी बसलो त्यालाही बऱ्यापैकी काळ झाला, तरी लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "काय, आज सुट्टी वाटतं?" मी हो म्हणून मोकळा होतो. चौथ्या मजल्यापर्यंत काय काय सांगणार.

हिशोब साधा होता. २०१७ पासून कायद्याने आईला २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, बाप केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर त्याला १५ दिवस, आणि प्रायव्हेटमध्ये कंपनीच्या मनात येईल तेवढी. हिची रजा संपली तेव्हा बाळ धड बसतही नव्हतं. हिचा पगार माझ्यापेक्षा जास्त, कामही मनासारखं चाललेलं, आणि माझं असं होतं की मी उठलो तर त्या खुर्चीत दुसरा कोणीतरी येऊन बसेल (बसला पण). पाळणाघर बघून आलो होतो, वाईट नव्हतं, पण मलाच घरी राहावंसं वाटलं, त्यात त्याग वगैरे काही नाही. पैशाची ओढाताण होते, फ्लॅटचा हप्ता एका पगारावर जातो, ते खोटं कशाला बोला.

मग मिळतं काय? लोकांना वाटतं पहिलं पाऊल, पहिला शब्द, ते सगळं बघायला मिळत असेल. पहिलं पाऊल तिने रविवारी टाकलं, तेव्हा घरात सगळेच होते. मला खरं मिळालं ते म्हणजे माझी आई.

म्हणजे आई होतीच, मिरजेला असते. पण आमचा फोन कसा असायचा तर जेवलास का, पाऊस आहे का तिकडे, बरं ठेवते. बाकी सगळं बोलणं बहिणीशी आणि लग्नानंतर हिच्याशी. कोणत्या महिन्यात काय द्यायचं, खोकला झाला तर ओवा कसा शेकायचा, हे ती मला सांगेल असं तिलाही कधी वाटलं नसणार. बाळंतपणाला पुण्यात आली तेव्हा बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायला शिकवायचं म्हणून तिने हिलाच हाक मारली, तर हिला झोप लागलेली, म्हणून मी पाटावर पाय लांब करून बसलो. आई माझ्या नडग्यांकडे बघून म्हणाली, "अरे ह्या केसांनी पोरीला टोचेल की." मग मधे दुपटं घालायचं ठरलं. पोरीने काही तक्रार केली नाही, जोरात रडली, पण ती आईच्या पायावर पण तेवढीच रडायची.

तेव्हापासून फोन मला यायला लागले. साधारण साडेबाराला, पोरगी झोपली की. नाचणी भिजवलीस का, मोड आले का, पंख्याखाली वाळव, उन्हात नको, दळून आणली की वस्त्रगाळ कर, चाळणीच्या भरवशावर राहू नकोस. ती जुनी मऊ साडी हवी म्हणाली आणि कुरियरने स्वतःचीच एक फाडून पाठवली. आणि हे सांगता सांगता भलतंच काहीतरी निघतं, की मी सहा महिन्यांचा असताना रात्र रात्र जागवायचो आणि ती मला खांद्यावर टाकून चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारायची, कारण बाबांना सकाळी बँकेत जायचं असायचं. सकाळी शाळेत शिकवायला तिलाही जायचं असायचं, हे तिने सांगितलं नाही, मीच आठवलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय माहीत, तू शांत होतास की." २०२४ च्या सरकारी सर्व्हेत घरकामाला बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं आहे आणि पुरुषांची ८८, ती पण ज्यांनी त्या दिवशी काहीतरी घरकाम केलं अशाच पुरुषांची, आणि मुलं सांभाळणं त्यात धरलेलंच नाही. ८८ ऐकून बाबा म्हणाले बरीच आहेत.

दुसरा फायदा तर आम्ही ठरवून मिळवलाच नव्हता. आमच्याकडे पोरीवरून सासू-सुनेचं भांडण होत नाही, कारण भांडायला मी आहे. आईला गुटीत मध हवा होता, डॉक्टर म्हणाले वर्षापर्यंत मधाचं बोटसुद्धा नको, मधातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकते. हेच हिने सांगितलं असतं तर "आमची पोरं काय मेली का मध खाऊन" हे वाक्य घरात वर्षभर फिरलं असतं. मी सांगितलं तर आई दोन दिवस फुगली आणि तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, की बरं बाबा नको मध, पण जायफळ तरी उगाळतोस का. पोटच्या पोरावर किती दिवस रुसणार.

बाकी दुपारी ऊन नसेल तर आम्ही वनाजला मेट्रोत बसतो, रामवाडीला जातो आणि तशीच परतीची पकडतो, काही काम नसतं. डेक्कनच्या पुढे खाली नदी दिसली की ती काचेवर थापट्या मारते आणि समोरच्या काकू हमखास विचारतात, "आई कुठे गेली हिची?" ऑफिसला, सांगितलं की पुढचा प्रश्न, मग तिला डबा कोण करून देतं. मेट्रोचं ठीक आहे, पण एका मॉलमध्ये डायपर बदलायचं टेबल फक्त लेडीजमध्ये होतं, तेव्हा गाडीच्या डिकीत उरकलं, आणि त्यावर अजून माझा राग आहे.

पुढच्या आठवड्यात आई येतेय. विषय आहे दुधाची बाटली सोडवणे. तिचं म्हणणं बाटलीच्या निपलला कडुलिंब लावायचा, माझं म्हणणं हळूहळू कपावर आणायचं, आणि बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय की त्या आठवड्यात तिला ऑफिसमध्ये रोज उशीर होणार आहे.