तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना टेकडीवर कशाला नेता?

आमच्या पुण्याच्या शाळेत पालकसभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, पाणलोट क्षेत्र पुस्तकात आहे, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, मग पोरांना पहाटे उठवून वेताळ टेकडीवर कशाला नेता?" सभेत घाईघाईत काहीतरी उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं, म्हणून आज सांगते.

पाणलोट म्हणजे ज्या भागावर पडलेला पाऊस वाहत शेवटी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतो तो सगळा भाग, ही व्याख्या वर्गात पोरं न अडखळता म्हणतात. पण "आपली शाळा कुठल्या पाणलोटात येते?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. पाणी नळातून येतं, फार तर खडकवासल्यातून, आणि मोरीतून कुठंतरी जातं, एवढंच त्यांना माहीत असतं. यात त्यांची काय चूक, आपणच कधी दाखवलं नाही.

टेकडीच्या माथ्यावर गेलो की मी पोरांना दोन्ही बाजूंचे उतार दाखवते. पाषाणकडच्या उतारावर पडलेला पाऊस रामनदीतून मुळेत जातो आणि कोथरूडकडचा मुठेत. पाणी असं दोन बाजूंना वाटणाऱ्या माथ्याला पुस्तकात जलविभाजक म्हणतात, तिथं मात्र पोरं एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकून उभी राहतात आणि ओरडतात, "बाई, मी दोन नद्यांत उभाय!" व्हिडिओतून हे कसं येणार सांगा.

मग दोन बाटल्या काढायच्या. एक पायवाटेवर ओतायची, जिथं माणसांच्या चालण्यानं जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते, आणि दुसरी शेजारच्या गवतात. पायवाटेवरचं पाणी लगेच पळायला लागतं, चार हातांवर गेलं की लालसर गढूळ होतं, आणि कुणीतरी बोट बुडवून बघतं तर बोटाला माती. गवतातलं पाणी मात्र दिसेनासंच होतं. "गेलं कुठं?" मग खाणीपाशी जायचं, तिथं कापलेल्या काळ्या कातळातल्या भेगा उघड्या दिसतात, वरचा मुरूम दिसतो, आणि आपल्याकडचं भूजल याच मुरमात आणि भेगांत साठतं हे मला वेगळं समजवावंच लागत नाही. सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीवरून खणत नेलेले लांब चर, उताराला आडवे का खणतात, हे एका पोरानं स्वतःच सांगितलं, "पाण्याला थांबवायला बाई, नाहीतर पळेल ना." वर्गात हेच सांगायला माझी अख्खी तासिका गेली होती.

गणितही तिथंच होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पडला तर? 70,000 लिटर! आकडा काढल्यावर पोरं गप्पच होतात, कारण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो ते सगळ्यांनी बघितलेलं असतं.

तुमची भीतीही कळते मला. धो धो पाऊस चालू असताना मी कुणालाही ओढ्यात उतरू देत नाही, आदल्या रात्री जोराचा झाला तर सहलच पुढं ढकलते, आणि त्यासाठी कुणी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली तरी चालेल.

परवा उतरताना रामनदीच्या पुलावर थांबलो होतो. खाली फेस, पिशव्या, वास. मी नकाशा उघडून पुढचा रस्ता दाखवत होते, रामनदी मुळेत, मुळा मुठेला संगमावर भेटते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत, आणि उजनीच्या खाली पंढरपूर. एक मुलगी, तिची आजी दरवर्षी वारीला जाते, नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, म्हणजे आजी चंद्रभागेत आंघोळ करते ते हेच पाणी?"

मध्ये बरंच पाणी येऊन मिळतं, धरणही आहे, हे सांगितलं मी तिला. ती म्हणाली, "पण हे पण असतंच ना त्यात?" असतंच. पुढच्या शनिवारी संगमावर जायचं ठरलंय, ते तिच्या या प्रश्नामुळेच, आणि आजी पण येणार आहे.