कर्लीच्या खाडीत अष्टमी साधली, संगम हुकला

नोंद सातवी. होडी तीच, प्लायचे तुकडे तारेने शिवून घरी केलेली १४ फुटी कॅनो. ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय, सांध्यांवर ग्लास टेप (काचधाग्याची पट्टी), इपॉक्सीचे तीन हात, वजन २८ किलो. गडी दोघेच, मी आणि मेव्हणा. मुक्काम नेरूरपारच्या पुलापासून थोडं वर, ओळखीच्यांच्या माडांच्या बागेत. तंबू नुसता सामानाला. वैशाखात आत झोपवत नाही, मच्छरदाणी माडाला बांधून बाहेरच आडवे झालो.

गेल्या उन्हाळ्यात पौर्णिमा बघून गेलो आणि पस्तावलो होतो. उधाणाचं पाणी म्हणजे जोरात न्यायला मिळेल, असा हिशोब. पण पौर्णिमेला भरती पूर्ण होते ती साडेअकराच्या सुमारास. सकाळभर पाणी खाडीतून वर चढत राहतं, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागते ती नेमकी खारं वारं सुटल्यावर. पाणी समुद्राकडे ओढतंय, वारा समुद्राकडून ढकलतोय, मध्ये आखूड, टोकदार लाटा. उघड्या कॅनोत दर दहा मिनिटांनी डबा घेऊन पाणी उपसत होतो.

म्हणून यंदा आधी पंचांग, मग रजा. कोकणातला जुना हिशोब बहुतेकांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाला भरती पूर्ण, सहा ते बारा सुकती, बारानंतर पुन्हा भरती. आता यावर वारा बसवून बघा. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते ती पाठीवर. दुपारी परतताना खारं वारं, तेही पाठीवर. अष्टमीला भांग, म्हणजे मवाळ भरती-ओहोटी असते, ओढ कमी, हे कबूल. पण जाता-येता दोन्ही वेळा फुकटची मदत मिळत असेल तर कमी ओढ चालते. वरच्या अंगाला मुक्काम असेल तर मी आता पौर्णिमेला जाणार नाही.

आदल्या रात्री काठाला खुणा केलेली काठी रोवली. सव्वासहाला पाणी तिच्यावर थांबलं. हिशोब पंधरा मिनिटांनी चुकला, म्हणजे चुकलाच नाही. सहा पंचविसाला निघालो. उद्देश देवबागचा संगम, जिथे ही खाडी समुद्राला मिळते, दहा-बारा किलोमीटर. पहिला तासभर पाणी आरशासारखं, वल्ह्याच्या थेंबांचाच काय तो आवाज. माझा जे-स्ट्रोक, म्हणजे होडी सरळ राहावी म्हणून शेवटी वल्हं बाहेर वळवण्याचा हात, अजूनही डावीकडूनच बरा होतो. उजवीकडे आलो की नाक भरकटतं आणि पुढून मेव्हण्याचा सुस्कारा ऐकू येतो. मे महिन्यात नदीचं गोडं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे खारं पाणी पार वरपर्यंत येतं. पिण्याचं पाणी माणशी ५ लिटर घेतलं होतं, ते पुरलं एवढंच.

साडेआठला उजव्या हाताला कांदळवनात शिरणारा एक व्हाळ, म्हणजे ओढा, दिसला. आत गारवा, तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी वर आलेली, आणि अगदी पुढ्यातल्या फांदीवर खंड्या. फोटोच्या नादात अर्धा तास गेला. वळलो तर वल्हं पाण्याऐवजी चिखलात.

“भाऊजी,” मेव्हणा म्हणाला, “आपण जमिनीवर आहोत.”

उतरून ढकलायला गेलो. चिखल गुडघ्यापर्यंत, आणि खाली कालवं, धारदार शिंपल्यांची. पायातली स्लीपर चिखलाने ठेवून घेतली, तळव्याला दोन चिरा. व्हाळाच्या तोंडाशी पाग (फेकायचं जाळं) टाकणारे एक काका मघापासून आमच्याकडे बघत होते. त्यांनी अंतर राखूनच निकाल दिला, “आता हयच बसा. पाणी इल्याशिवाय होडी हलूची नाय.”

बसलो. साडेचार तास. सकाळच्या घावण्यांचा डबा, दोन आंबे आणि डासांची सोबत. पाऊणच्या सुमाराला व्हाळात फेस आत येताना दिसला, दीडला होडी तरंगली. संगमाचा विषय कोणीच काढला नाही.

परतीने मात्र पैसे फिटले. वारा मागून असल्याने पाण्याचा कॅन आणि सामानाची पिशवी शेपटाकडे सरकवली. पुढचं अंग हलकं झालं आणि होडी सरळ धावायला लागली. वल्हं नुसतं सुकाणूसारखं धरलं तरी काठचे माड मागे सरकत होते. पाचच्या आत मुक्कामाला.

नुकसान: तळाला दोन वीतभर ओरखडे, एक ग्लासपर्यंत गेलेला. घासून वाळवलाय, रविवारी इपॉक्सी. पायात यापुढे पट्ट्याचे बूट. आणि वद्य अष्टमीची रजा टाकली आहे, पाऊस लवकर आला नाही तर.