जुनी शिक्षा निकाली निघते तेव्हा

कॅलिफोर्नियात ज्यांना पूर्वी शिक्षा झालेली आहे, अशा लोकांसाठी ग्रंथालयांत किंवा चर्चच्या सभागृहांत विनामूल्य शिबिरे भरतात आणि तिथे वकील स्वयंसेवक म्हणून येऊन जुन्या नोंदी निकाली काढण्याचे अर्ज तयार करून देतात. मी स्वतः वकील नाही. ओकलंडच्या परिसरातील अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसते. येणारे बहुतेक वकील एरवी कंपन्यांचे करारमदार किंवा पेटंट पाहणारे असतात, त्यामुळे फौजदारी कायद्यात मुरलेले एखादे वकील सभागृहात फिरत राहून प्रत्येक अर्ज तपासतात.

खरे काम असते ते वाचनाचे. बोटांचे ठसे देऊन राज्याच्या न्याय विभागाकडून मागवलेली नोंद संक्षेपांनी भरलेली असते. तिच्यातून खटला कोणत्या काउंटीत चालला, कलम कोणते लागले, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या अटींवर, देखरेखीखाली काढायची मुदत) पूर्ण झाले का, हे शोधून काढावे लागते. खटले तीन काउंट्यांत चालले असतील, तर तिन्ही न्यायालयांत स्वतंत्र अर्ज करावे लागतात. मिशिगनमधील नोंदींचा अभ्यास करून सोनिया स्टार आणि जे. जे. प्रेस्कॉट या कायद्याच्या प्राध्यापकांनी 2020 मध्ये दाखवून दिले, की नोंद पुसून घेण्यास पात्र ठरलेल्यांपैकी पाच वर्षांत जेमतेम 6.5 टक्के लोकांनाच तो लाभ मिळत होता. टेबलावर काही काळ बसल्यानंतर मला त्या आकड्याचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम 1203.4 अन्वये न्यायालय गुन्ह्याची कबुली मागे घेऊ देते आणि खटला रद्दबातल करते. मात्र नोंदीतील जुनी ओळ तशीच राहते आणि खटला रद्द झाल्याची माहिती तिच्या जोडीला येते. खासगी मालकाला साधारणतः अशा शिक्षेविषयी विचारता येत नाही. परंतु सरकारी परवान्याच्या किंवा लोकनियुक्त पदाच्या अर्जात थेट प्रश्न आला, तर ती सांगावीच लागते. राज्याच्या लॉटरी आयोगाशी कंत्राट करतानाही (हा अपवाद कायद्यात खरोखरच लिहिलेला आहे). बंदूक बाळगण्यावरील बंदी या आदेशाने उठत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा दहा वर्षांच्या आत पुन्हा घडला, तर आधीचा हिशेबात धरला जातो. अर्ज भरणे त्यामानाने सोपे; कोणत्या ठिकाणी ‘नाही’ म्हणता येईल आणि कोणत्या ठिकाणी ‘होय, पण खटला रद्द झाला आहे’ असेच लिहावे लागेल, हे समोरच्या माणसाला नीट उमजेपर्यंत जो समजावून सांगतो, तोच माझ्या मते या कामाचा वकील.

आपल्याकडून इथे आलेल्यांच्या बाबतीत ही समजूत फार महत्त्वाची आहे. 1996 पासून संघीय स्थलांतर कायद्यात दोषसिद्धीची स्वतंत्र व्याख्या आहे: गुन्हा कबूल केला आणि काही ना काही शिक्षा झाली, की राज्याच्या न्यायालयाने पुढे खटला रद्द केला तरी स्थलांतराच्या दृष्टीने ती दोषसिद्धी बहुतेक वेळा कायम राहते. नागरिकत्वाच्या अर्जात तर निकाली निघालेल्या प्रकरणांचीही माहिती मागितली जाते, आणि ती दडवणे मूळ किरकोळ गुन्ह्यापेक्षा महागात पडू शकते. कबुली देताना तिचे स्थलांतरावर होणारे परिणाम नीट समजले नव्हते, असे दाखवता येत असेल, तर 2017 पासून लागू असलेल्या कलम 1473.7 चा मार्ग आहे; तिथे मूळ कबुलीतील कायदेशीर दोषामुळेच शिक्षा रद्द होत असल्याने स्थलांतर खातेही तो आदेश सहसा मानते. हे प्रकरण मात्र एका दुपारच्या शिबिरात आटोपणारे नव्हे. त्यासाठी फौजदारी आणि स्थलांतर हे दोन्ही कायदे जाणणारा वकीलच गाठावा लागतो.

म्हणून ग्रीन कार्डधारक समोर आला, की अर्जावर सही होण्यापूर्वीच मी त्याला न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढून आणायला सांगते. किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या फायली न्यायालये काही वर्षांनी नष्ट करू शकतात, आणि स्थलांतर खाते पुढे तोच कागद मागते.