बघ्यांची बाजू

दोघांचा डाव रंगात आलेला असताना शेजारी उभं राहून गप्प बसणं ही मोठी तपश्चर्या आहे. घोडा हलला की वजीर जाणार हे आपल्याला लख्ख दिसत असतं आणि खेळणारा नेमका घोड्यालाच हात घालतो. (आपण पटावर बसलो की आपल्यालाही ते दिसत नाही, हा भाग वेगळा.)

डाव बघताना तोंड उघडत नाही तोच खरा सज्जन, अशी चिनी म्हण आहे. शियांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळाच्या पटावर मधोमध नदी असते. काही पटांवर ही म्हण त्या नदीतच छापलेली असते. तरी बागेत डाव पडला की भोवती कोंडाळं जमतं, लाकडी सोंगट्या ठणाठण आपटतात आणि सल्ले सुरू होतात. एखाद्याचा हात तर थेट सोंगटीपर्यंत पोचतो. म्हण सगळ्यांना पाठ असते, एवढंच.

जपानी मंडळी जास्त कडक. 'गो' या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाच्या जाड लाकडी पटाला खालून मधोमध एक खळगा कोरलेला असतो. मध्ये बोलणाऱ्याचं मुंडकं उडवून तिथे ठेवायचं, अशी दंतकथा. जाणकारांच्या मते तो लाकूड तडकू नये आणि सोंगटीचा आवाज गोड यावा म्हणून असतो. मला दंतकथाच जास्त पटते. पण बोलक्यांची सोयही जपाननेच केली आहे. गो किंवा शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, मोठ्या लढतीत खेळाडू शांत खोलीत बसतात आणि दुसऱ्या सभागृहात भिंतीएवढ्या उभ्या पटावर तज्ज्ञ प्रत्येक खेळीची चिरफाड करतात. खेळाडूंनी जेवायला काय मागवलं, याचीही बातमी होते.

१९७२ साली आइसलंडमध्ये रेक्याविकला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेच्या बॉबी फिशरने कॅमेरे आणि प्रेक्षकांच्या आवाजाबद्दल इतकी कटकट केली, की सोव्हिएत जगज्जेत्या स्पास्कीविरुद्धचा तिसरा डाव मंचामागच्या खोलीत खेळवावा लागला. तो फिशरने जिंकला. त्याआधी तो स्पास्कीविरुद्ध एकही डाव जिंकलेला नव्हता, म्हणजे बघ्यांवरचा त्याचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

हरण्याच्याही तऱ्हा निराळ्या. शोगीत डाव गेला हे कळल्यावर जाणता खेळाडू लगेच हार मानतोच असं नाही. बघणाऱ्याला शेवट चुरशीचा आणि देखणा दिसावा म्हणून तो आणखी काही खेळी करतो, मग मान झुकवून हरल्याचं सांगतो. पुढे दोघं मिळून तोच डाव पुन्हा मांडतात आणि कुठे काय चुकलं ते शोधतात. तुर्कस्तानातल्या कॉफीखान्यात तावला, म्हणजे तिथलं बॅकगॅमन, हा फाशांचा खेळ खेळताना असले लाड नाहीत. फासे खणखणतात, दान फारसी आकड्यांत ओरडून सांगतात आणि हरणाऱ्याच्या काखेत पट देऊन 'जा, शिकून ये' म्हणायची रीत आहे. बघे अर्थातच खूश.

मला विचाराल तर डाव बघायला मी तुर्कस्तानात जाईन. हरायला मात्र जपान बरं.