वाचनालयासाठी लहान संगणक निवडताना

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा सचिव म्हणून गेल्या दिवाळीनंतर माझ्यावर एक जबाबदारी आली. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या गावकऱ्यांनी अभ्यासिकेसाठी सहा संगणक घेता येतील एवढी वर्गणी जमवली होती. प्रत्येक संगणकामागे अठरा हजार रुपयांची मर्यादा ठेवून खरेदी करावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आणि निवडीचे काम माझ्याकडे सोपवले. हे काम पार पाडताना जे शिकायला मिळाले ते इतर वाचनालयांच्या, शाळांच्या आणि बचत गटांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मंडळात डेस्कटॉपचाही विचार झाला, कारण त्याच पैशात मोठा पडदा मिळतो आणि दुरुस्ती सोपी असते. पण आमच्याकडे गावठाणाची लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन उन्हाळ्यांत बसतात, हा ग्रामपंचायतीतील अनुभव सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. शिवाय संगणक रात्रीपुरता घरी नेता यावा अशी अनेकांची इच्छा होती. म्हणून लॅपटॉप, आणि तोही लहान, हे लवकर ठरले. खरा प्रश्न त्यानंतरचा होता: लहान आणि स्वस्त संगणकाकडून लोकांना नेमके काय हवे असते?

बाजारात जाण्याआधी मी हा प्रश्न वापरणाऱ्यांनाच विचारला. एमएचटी-सीईटीची तयारी करणारी, मानव विकासच्या बसने तालुक्याला कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली, “काका, मोबाइलवर सराव परीक्षा देता येते, पण खरी परीक्षा माउसवर असते. पहिल्यांदाच माउस हातात धरला की वेळ त्यातच जातो.” हे ऐकून मी माउसची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी धरली. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात, आणि लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना जाण्याची ऐपत नसलेल्या मुलांना तसा सराव गावातच मिळणे ही चैनीची गोष्ट नाही. बी. कॉम.च्या मुलांना हिशेबाचे टॅली हवे होते. बचत गटाच्या ताईंना कर्जवाटपाचा आणि व्याजाचा तक्ता स्वतः करायचा होता, कारण दर महिन्याला दुसऱ्याच्या हातापाया पडावे लागते याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. सरकारी संगणक टंकलेखन परीक्षेला बसणारी मुले होती. आणि निवृत्त झालेले आमचे एक गुरुजी होते, ज्यांना निजामाच्या राजवटीपासूनच्या गावाच्या आठवणी लिहून काढायच्या होत्या.

या सर्व मागण्या मी वहीत लिहिल्या तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. वेगाचा उल्लेख जवळजवळ कोणी केला नव्हता. लाईट गेल्यावर चालला पाहिजे, पिशवीत घालून सायकलवर नेता आला पाहिजे, मराठी नीट टाइप झाले पाहिजे, पडदा पडवीतल्या उजेडात दिसला पाहिजे आणि बिघडला तर जिंतूरला नाही तर निदान परभणीला दुरुस्त झाला पाहिजे, असे लोकांचे म्हणणे होते. जाहिरातींमध्ये मात्र यांपैकी फारच थोड्या गोष्टी असतात.

स्वस्त लहान संगणकाची कल्पना नवी नाही, आणि तिचा इतिहास पाहणे मला निवडीच्या दृष्टीने उपयोगी वाटले. निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत झाला होता. त्या संगणकाचा पडदा भर उन्हातही वाचता येई, आणि आजच्या कितीतरी महाग यंत्रांना ते जमत नाही. त्याच वर्षी असूसचा ईईई पीसी आला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती), ४ जीबी साठवण आणि एक किलोपेक्षाही कमी वजन अशा या यंत्राने लहान संगणकांची लाट आणली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ हा टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी आणला, पण २५६ एमबी रॅम आणि जोराने दाबावा लागणारा पडदा यांमुळे तो मुलांच्या हातात फार काळ टिकला नाही. माझ्या मते किंमत कमी करताना वजन आणि पडद्याचा आकार कमी केलेला लोक चालवून घेतात. कळफलक आणि टिकाऊपणा कमी केलेला चालवून घेत नाहीत.

मर्यादेत बसणारे नवे संगणक मी संभाजीनगरच्या आणि परभणीच्या दुकानांत पाहिले. साडेअकरा इंचांच्या आसपासचे, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीचे ते संगणक हातात हलके आणि दिसायला सुबक होते. विंडोज ११ साठी कागदोपत्री एवढे पुरेसे आहे. प्रत्यक्षात मात्र प्रणाली आणि तिची अद्यतने यांनीच साठवणीचा मोठा भाग व्यापलेला असतो आणि मुलांच्या फायलींना जागा उरत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे यांतील बहुतेकांची रॅम आणि साठवण मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. ती वाढवता येत नाही, आणि बिघडली तर तेवढा भाग बदलताही येत नाही. वर्गणीच्या पैशातून घेतलेली वस्तू अशा रीतीने एकदम निकामी व्हावी, हे मला पटणारे नव्हते.

कळफलकाची परीक्षा घेण्यासाठी मी गुरुजींना सोबत नेले होते, आणि या खरेदीत जे काही शिकलो त्यातले सर्वांत मोलाचे त्यांच्यामुळे शिकलो. गुरुजी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) पद्धतीने, न पाहता टाइप करतात. दुकानातल्या लहान लॅपटॉपवर त्यांनी ‘आमच्या गावच्या डॉक्टरांच्या’ एवढेच शब्द टाइप करायला घेतले आणि दर वेळी अडखळू लागले. कारण पाहिले तेव्हा कळले की इनस्क्रिप्टमध्ये च हे अक्षर अर्धविरामाच्या कळीवर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या, ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या आणि य सरळ तिरप्या रेघेच्या कळीवर असतो. या सगळ्या कळा कळफलकाच्या उजव्या कडेला आहेत, आणि यंत्र लहान करताना कंपन्या आधी त्याच कळा आक्रसतात किंवा भलतीकडे हलवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यांची गरज क्वचित पडते, त्यामुळे त्याला काही बिघडल्यासारखे वाटत नाही. मराठीत मात्र ‘च्या’ हा प्रत्यय ओळीओळीला येतो आणि त्यासाठी च आणि य या दोन्ही कळा लागतात. टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्या मुलाला तर हा रोजचा तोटा ठरला असता. त्या दिवसापासून पुढे जो संगणक पाहिला त्यावर आम्ही आधी हेच शब्द टाइप करून पाहिले, आणि दुकानदारांनीही ते करू दिले.

अशा रीतीने आम्ही कंपन्यांनी वापरून विकलेल्या, दुरुस्त करून पुन्हा बाजारात आलेल्या लॅपटॉपकडे वळलो. मंडळातील काही ज्येष्ठांना जुनी वस्तू घेणे पसंत नव्हते, आणि वर्गणी देणाऱ्यांच्या भावना लक्षात घेता त्यांचा संकोच योग्यच होता. पण साडेबारा इंची पडद्याचे, कार्यालयीन वापरासाठी बांधलेले हे संगणक सव्वा किलोच्या आसपास भरतात, त्यांच्या कळा पूर्ण मापाच्या किंवा जवळजवळ तेवढ्या असतात आणि मागची पाटी स्क्रू काढून उघडता येते. एका दुकानदाराने मंडळाच्या दोन सदस्यांसमोर तशी पाटी उघडून रॅम आणि एसएसडी (फायली साठवणारा भाग) कशी बदलते ते दाखवले, तेव्हा विरोध मावळला.

यातही एक पेच होताच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२७० आम्हाला मनापासून आवडला होता, कारण त्यात एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून काढता-घालता येण्याजोगी असते. संगणक बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येते, आणि आमच्या लाईटच्या परिस्थितीत याहून सोयीचे काय असणार! पण त्याचा प्रोसेसर सहाव्या किंवा सातव्या पिढीचा असतो. त्याच्यानंतरचा एक्स२८० आठव्या पिढीच्या प्रोसेसरसह मिळतो, पण त्याची रॅम डाग दिलेली आहे आणि बाहेरची बॅटरी गेली आहे. डेलचा लॅटिट्यूड ७२९० आठव्या पिढीच्या प्रोसेसरसह मिळतो आणि त्यात रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात. टॅली आणि टंकलेखनाच्या मुलांना विंडोज हवेच असल्याने आम्ही चार लॅटिट्यूड आणि, सीईटीचा सराव, अर्ज भरणे आणि लेखन यांसाठी, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून दोन थिंकपॅड असा निर्णय घेतला. रॅम सर्वांना ८ जीबी आणि एसएसडी २५६ जीबीची.

तीन दरपत्रके मागवली, तौलनिक तक्ता केला आणि मंडळापुढे ठेवला. दर सर्वांत कमी असलेल्या विक्रेत्याकडच्या नमुन्यांपैकी एका यंत्रावर बायोसचा (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीचा) पासवर्ड राहिलेला आढळला आणि तो काढून देण्याची लेखी हमी मिळेना, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा दर कारणासह नोंदवून स्वीकारला.

प्रत्येक यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी जी तपासणी केली ती थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरीचा अहवाल मागवता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता ती पूर्ण भरल्यावर उरणारी क्षमता असे दोन आकडे वॅट-तासांच्या हजाराव्या भागात दिलेले असतात. मूळ साठ हजार असताना आता चाळीस हजारांच्या खाली आलेली बॅटरी आम्ही बदलून मागितली, आणि विक्रेत्याने ती तक्रार न करता बदलून दिली. चार्जरची पिन हलवून पाहिली, बिजागऱ्या उघडमीट करून पाहिल्या, पडदा पांढरा आणि काळा करून डाग पाहिले. पडदा बाहेर ओसरीवर नेऊन पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कोणताही पडदा चांगलाच दिसतो. बिलावर प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि जीएसटी लिहून घेतला. हमी सहा महिन्यांची मिळाली, पण ती बॅटरीला लागू नाही, आणि ही अट बहुतेक ठिकाणी अशीच असते.

वाचनालयात आल्यावर सर्व यंत्रांवर मराठी इनस्क्रिप्ट चालू केले, कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदी केल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरीला उष्णता व सतत पूर्ण भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी बाधतात. म्हणून जी यंत्रे दिवसभर वायरलाच असतात त्यांची चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर बांधली. लॅटिट्यूडमध्ये ही सोय बायोसमध्येच मिळते. कापसाच्या हंगामात हवेत तंतू फार असल्याने पंख्याची जाळी ब्रशने झाडण्याचे कामही ठरवून दिले आहे.

थिंकपॅडवर लिनक्स आहे याची मला थोडी काळजी होती. पण ब्राउझर उघडला की मुलांना काम करायला अडत नाही, आणि गुरुजींचे लेखन तर लिब्रेऑफिस या मोफत प्रणालीतच चालू आहे. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मुलांनी यंदा येथेच भरले, त्यामुळे त्यांचा तालुक्याच्या फेऱ्यांचा आणि अर्जामागे द्याव्या लागणाऱ्या पैशांचा खर्च वाचला. बचत गटाच्या ताई संध्याकाळी एक संगणक घरी नेतात आणि सकाळी आणून देतात. तक्त्यातले व्याजाचे सूत्र त्यांनी एकदा समजून घेतले आणि आता शेजारच्या गटालाही त्याच शिकवतात. एका ताईंनी पडद्यावरची अक्षरे बारीक वाटतात असे सांगितले, तेव्हा अक्षरांचा आकार सव्वापट केला. साडेबारा इंचांवर फुल एचडी पडदा असेल तर चाळिशी ओलांडलेल्या माणसांसाठी हे करावेच लागते.

एक गरज मात्र या संगणकांनी भागलेली नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना यंत्र सोबत देता येत नाही, कारण फडावरच्या कोपीत चार्जिंगची सोय नसते आणि वस्तूची जबाबदारी त्या लेकरांवर टाकणेही योग्य नाही. त्यांच्यासाठी परतीनंतरच्या वेळा राखून ठेवाव्यात, असा प्रस्ताव मी मांडला आहे. त्याच बैठकीत दरवर्षी दोन बॅटऱ्यांपुरती रक्कम बाजूला काढण्याचाही ठराव आहे, कारण चार वर्षांनी ही यंत्रे चालू राहतील की नाही हे मुख्यतः त्याच रकमेवर ठरणार आहे.